नामदार गोखले, सी.आय.ई.

कोलकात्यास बदली होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात आमच्या कचेरीतील एका वयोवृद्ध बंगाली सहकाऱ्याने आम्हांला कोड्यात टाकले. आम्ही महाराष्ट्रातले, म्हणजे गोखल्यांच्या मुलखातले, हे कळताच त्या गृहस्थांची मुद्रा प्रसन्न झाली. गोखल्यांनी बंगालविषयी काढलेले गौरवोद्गार या प्रांतात शाळकरी मुलांनाही पाठ असतात, त्यामुळे त्यात नवल नव्हते. परंतु त्यानंतर त्यांनी विचारले की, गोखल्यांना ‘सर’ ही पदवी कोणत्या साली मिळाली? आम्ही काहीशा फणकाऱ्याने उत्तर दिले की, अशी पदवी त्यांनी कधी घेतलीच नाही. यावर ते शांतपणे म्हणाले की, एका जुन्या ग्रंथात गोखल्यांच्या नावापुढे किताबाची अक्षरे छापलेली आपण स्वतः पाहिली आहेत. आम्ही निरुत्तर झालो. पुढे ग्रंथालयात बसून शोध घेतला तेव्हा कळले की, दोघेही बरोबर होतो. साम्राज्याचा एक किताब गोखल्यांनी घेतला होता आणि दुसरा, त्याहून मोठा, नाकारला होता. या दोहोंमध्ये दहा वर्षांचे अंतर होते. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी संपादकांनी लेख मागितला तेव्हा याच दहा वर्षांची गोष्ट आपल्या वाचकांपुढे मांडावी असे आम्ही ठरविले. गोखल्यांच्या आयुष्याचा मोठा भाग घरापासून दूर, कलकत्ता आणि लंडन येथे गेला. दूरदेशी राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना तो परका वाटणार नाही.

प्रथम त्या किताबाविषयी चार शब्द लिहिणे अवश्य आहे. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरविण्यात आली. त्यानंतर बरोबर एक वर्षाने, १८७८ च्या आरंभी, ‘ऑर्डर ऑफ दि इंडियन एम्पायर’ हा नवा सन्मान निर्माण झाला. त्यापूर्वी १८६१ पासून ‘स्टार ऑफ इंडिया’ हा सन्मान होताच. परंतु तो मुख्यतः संस्थानिक आणि अत्युच्च अधिकारी यांच्यासाठी होता. लष्करातील कर्नल, मुलकी खात्यातील अधिकारी, इंजिनिअर, डॉक्टर, विद्वान, न्यायाधीश अशा मधल्या थरातील माणसांना साम्राज्याशी बांधून घेण्यासाठी काही हवे होते, ते या नव्या सन्मानाने पुरविले. सैनिक आणि नागरिक, गोरे आणि हिंदी असे सारे एकाच यादीत येत. आरंभी त्याची एकच श्रेणी होती, ती म्हणजे ‘कंपॅनियन’, अर्थात सी.आय.ई. पुढे १८८६-८७ मध्ये तिच्या वरती आणखी दोन श्रेणी आल्या. के.सी.आय.ई. आणि जी.सी.आय.ई. या त्या श्रेणींना नावामागे ‘सर’ लावण्याचा मान होता. सी.आय.ई.ला तो नव्हता. नावापुढे तीन अक्षरे आणि छातीवर एक पदक, एवढेच त्याचे स्वरूप.

पदक मोठे मजेशीर होते. पाच पाकळ्यांचे तांबडे गुलाबपुष्प आणि त्याच्या मध्यभागी राणीची मुखाकृती. आरंभीच्या पदकावर पाच पाकळ्यांवर ‘इंडिया’ या इंग्रजी नावाची पाच अक्षरे एकेक करून कोरलेली असत. पुढे पदकाचा आकार लहान केला गेला तेव्हा ही अक्षरे गळाली. म्हणजे गुलाब राहिला, राणी राहिली आणि हिंदुस्थान तेवढा गेला! कारागिराच्या मनात काही वावगे नसावे, पण योगायोग खरा. स्वातंत्र्यानंतर हा सन्मान देणे थांबले, आणि त्याचे अखेरचे हयात धारक, ध्रांगध्राचे माजी महाराज मेघराजजी, २०१० साली निवर्तले.

महाराष्ट्राला हे सी.आय.ई. अपरिचित नव्हते. काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांना ते १८८२ साली मिळाले, न्यायमूर्ती रानडे यांना १८८७ साली आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना १८८९ साली. विद्या आणि चारित्र्य या दोन्ही बाबतींत ज्यांच्याकडे बोट दाखवावे अशी ही माणसे होती. म्हणून या किताबाला केवळ खुशामतीचे फळ म्हणून झिडकारणे न्यायाचे होणार नाही. त्याचबरोबर, देणारा कोण आणि कशासाठी देतो, हा प्रश्न प्रत्येक घेणाऱ्यापुढे उभा राहत असलाच पाहिजे. गोखल्यांच्या बाबतीत तो फार तीव्रपणे उभा राहिला.

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात कोतळूक या खेड्यात झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात लहानशा नोकरीवर होते. १८७९ साली ते वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतील आठ रुपये दरमहा धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठविण्यास आरंभ केला. आमच्या मते गोखल्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठा आकडा हा आहे. पुढे त्यांनी अंदाजपत्रकांतील कोटी कोटी रुपयांची झाडाझडती घेतली, परंतु पंधरांतून आठ वजा केले असता सातच उरतात आणि त्यांवर एक संसार चालवावा लागतो, हे गणित ते कधी विसरले नाहीत. नाटकाच्या तिकिटाचे दोन आणे फेडण्यासाठी त्यांनी तेल वाचविले आणि रस्त्यावरील दिव्याखाली अभ्यास केला, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, त्या आठ रुपयांशी ती सुसंगत आहे.

कोल्हापूर, पुणे आणि मुंबई अशी वाटचाल करीत १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी.ए. झाले. त्यावेळी त्यांचे वय अवघे अठरा होते. आम्हीही बी.ए.च आहोत, पण त्या पदवीचा असा उपयोग आमच्या हातून झाला नाही, हे येथे कबूल करून टाकतो. सरकारी नोकरीची किंवा वकिलीची वाट त्यांना मोकळी होती. ती सोडून ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढल्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन अल्प वेतनावर फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र यांपैकी जो विषय वाट्याला येई तो ते शिकवीत. टिळक आणि आगरकर यांच्या सहवासातील हे दिवस, त्यांतील स्नेह आणि पुढे झालेली फाटाफूट हा विषय मराठी वाचकांच्या इतक्या परिचयाचा आहे की, त्यात आम्ही शिरत नाही.

याच काळात त्यांना न्यायमूर्ती रानडे भेटले. गोखल्यांनी रानड्यांना गुरू केले हे आपण नेहमी वाचतो. पण ही शिष्यवृत्ती म्हणजे नमस्कार आणि आशीर्वाद असा मामला नव्हता. सरकारी अहवाल, निळी पुस्तके, जमाखर्चाचे तक्ते यांची पारायणे करावयाची, अर्ज आणि निवेदने लिहावयाची, आणि रानड्यांनी ती फिरून लिहावयास लावावयाची. सार्वजनिक सभेचे चिटणीस आणि तिच्या त्रैमासिकाचे संपादक या नात्याने गोखल्यांनी वर्षानुवर्षे हे कष्ट उपसले. सरकारी कचेरीत आयुष्य घालविलेला माणूस या शिक्षणाची किंमत जाणतो. फाईल वाचता येणे ही एक विद्या आहे, आणि ती अंगी असलेल्या विरोधकाइतका सरकारला दुसरा कोणी जड जात नाही.

१८९७ साली त्यांच्यावर मोठा कठीण प्रसंग गुदरला. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले होते. तेथे त्यांची साक्ष उत्तम झाली. परंतु त्याच सुमारास पुण्यात प्लेगबंदोबस्ताच्या निमित्ताने गोऱ्या सैनिकांनी घरांत शिरून केलेल्या अत्याचारांच्या वार्ता मित्रांच्या पत्रांतून त्यांच्या हाती आल्या. दोन स्त्रियांवर बलात्कार झाल्याचेही त्या पत्रांत होते. त्यांनी हे आरोप तेथील वृत्तपत्रातून प्रसिद्ध केले. परत आल्यावर पुरावा देण्याची वेळ आली तेव्हा पुढे येण्यास कोणी तयार होईना. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगावीत तर त्यांच्यावर संकट येणार. गोखल्यांनी नावे सांगितली नाहीत. सारा दोष स्वतःवर घेऊन त्यांनी गव्हर्नरांची आणि सैनिकांची बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यांची छी थू झाली. भित्रा, सरकारला शरण गेलेला, असे शिक्के बसले, आणि पुढे कित्येक वर्षे ते पुसले गेले नाहीत. जे सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यावे, हा त्यांचा हिशेब होता. आमच्या समजुतीप्रमाणे त्यात धैर्याची वाण नव्हती. परंतु त्या माफीचे ओझे त्यांच्या मनावर शेवटपर्यंत होते, आणि सरकारकडून येणाऱ्या प्रत्येक गौरवाकडे त्यांचे टीकाकार याच चष्म्यातून पाहणार होते, हे ध्यानात ठेविले पाहिजे.

१८९९ साली मुंबईच्या कायदेकौन्सिलात आणि त्यानंतर फिरोजशहा मेहता यांच्या जागी कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेकौन्सिलात गोखले निवडून गेले. १९०२ साली त्यांनी फर्ग्युसन कॉलेज सोडले. त्याच हिवाळ्यात दक्षिण आफ्रिकेतून आलेला एक तरुण बॅरिस्टर कलकत्त्यात त्यांच्या बिऱ्हाडी महिनाभर राहिला. ते मोहनदास करमचंद गांधी होत. गोखल्यांची दिनचर्या गांधींनी जवळून पाहिली. ट्रामने न जाता गोखले घोडागाडी वापरतात हे गांधींना खटकले आणि त्यांनी तसे बोलूनही दाखविले. गोखल्यांना वाईट वाटले. प्रसिद्ध माणसाला ट्रामने स्वस्थपणे जाता येत नाही, हे त्यांनी पाहुण्यास समजावून सांगितले. शेजारी डॉ. प्रफुल्लचंद्र राय राहत. हा रसायनशास्त्राचा प्राध्यापक आठशे रुपये पगारातले चाळीस स्वतःसाठी ठेवून बाकीचे लोककार्यास देतो, अशी गोखल्यांनी त्यांची ओळख करून दिली. एखाद्या माणसाची थोरवी सांगताना गोखल्यांच्या तोंडी काय येई, ते यावरून दिसते. पदवी नव्हे, पगार नव्हे. पगारातून स्वतःसाठी काय ठेवले ते.

मार्च १९०२ मध्ये त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकार शिलकी अंदाजपत्रक मांडून समाधान मानीत होते. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवून दिले की, दुष्काळ आणि प्लेग यांनी गांजलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर वसूल केला जात आहे, आणि शिल्लक हे भरभराटीचे नव्हे तर ओढून काढलेल्या कराचे लक्षण आहे. मिठावरील कर कमी करा, असा त्यांनी धोशा लावला. १९०३ साली तो मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला, १९०५ साली दीडवर आणि १९०७ साली एक रुपयावर. हे एकट्या गोखल्यांचे श्रेय नव्हे, परंतु दरवर्षी मार्च महिन्यात त्यांच्या भाषणाची धास्ती अर्थखाते घेत असे, यात संशय नाही.

१९०३ च्या डिसेंबरात त्यांनी लॉर्ड कर्झन यांच्या सरकारशी दोन झुंजी दिल्या. एक सरकारी गुपितांच्या कायद्यावर आणि दुसरी विश्वविद्यालयांच्या विधेयकावर. गुपितांच्या कायद्याची कक्षा लष्करी बाबींपुरती न ठेवता मुलकी कारभारावरही पसरविण्याचा सरकारचा बेत होता; त्यामुळे वृत्तपत्रांचा गळा आवळला जाईल, असा त्यांचा मुद्दा होता. (नोकरीत रुजू होताना गुप्ततेच्या कागदावर आम्हीही सही केलेली असल्यामुळे यावर अधिक लिहीत नाही!) आणि अशा लढाईनंतर पुरता महिनाही लोटला नव्हता तोच, १ जानेवारी १९०४ च्या यादीत, गोपाळ कृष्ण गोखले यांना सी.आय.ई. केल्याचे जाहीर झाले. कर्झन यांनी स्वतः पत्र लिहून त्यांचे अभिनंदन केले.

हे कसे समजावयाचे? कर्झन यांचा उमदेपणा म्हणावा, की धूर्तपणा? आम्हांस वाटते, दोन्ही थोडे थोडे असावे. कर्झन हे गर्विष्ठ होते, परंतु समोरच्या माणसाची ताकद त्यांना कळत असे. त्याचबरोबर, विरोधकाच्या छातीवर आपला गुलाब टाचला म्हणजे तो विरोध आपल्या घरचा होतो, हे सत्ताधाऱ्यांना सांगावे लागत नाही. गोखल्यांनी किताब घेतला. गुरू रानडे यांनी तो घेतला होता, आणि मवाळ पक्षाच्या रीतीप्रमाणे तो नाकारण्याचे कारण नव्हते. परंतु घेतल्यावर त्यांच्या वागण्यात काय फरक पडला, हे पाहणे हीच खरी कसोटी. त्याच वर्षी विश्वविद्यालयांचे विधेयक पुन्हा चर्चेस आले तेव्हा त्यांनी ते कलमाकलमाने लढविले. आणि १९०५ च्या डिसेंबरात बनारसच्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी बंगालच्या फाळणीचा कडक निषेध केला व कर्झन यांच्या कारभाराची तुलना चक्क औरंगजेबाच्या कारभाराशी केली. मराठी माणसाच्या तोंडी ही तुलना आली म्हणजे तिचा अर्थ काय होतो, ते आपणा कोणास समजावून सांगण्याची गरज नाही. गुलाबाचा काटा कोणाला रुतला असेल तर तो देणाऱ्याला!

बनारसच्या आधी काही महिने, १२ जून १९०५ रोजी, पुण्यात फर्ग्युसन कॉलेजजवळच्या टेकडीवर त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. द्रविड, पटवर्धन आणि देवधर हे पहिले तीन सहकारी. सभासदाने देशाला मनात पहिले स्थान द्यावयाचे, स्वतःसाठी द्रव्य मिळवावयाचे नाही, समाज देईल तेवढ्यावर कुटुंब चालवावयाचे, कोणाशी वैयक्तिक भांडण करावयाचे नाही, अशा स्वरूपाच्या सात प्रतिज्ञा होत्या. लेखाच्या आरंभी सांगितलेल्या कोड्याची किल्ली आम्हांला या प्रतिज्ञांत सापडते. १९०४ मध्ये किताब घेणारे गोखले हे कायदेकौन्सिलातील एक सभासद होते. १९०५ नंतर ते एका संन्यस्त वृत्तीच्या संस्थेचे प्रमुख झाले आणि तरुण मुलांना घरदार गौण मानण्यास सांगू लागले. अशा माणसाने स्वतःसाठी काय घ्यावे आणि काय घेऊ नये, याचे माप बदलणे स्वाभाविकच होते.

पुढील वर्षे सुखाची नव्हती. इंग्लंडच्या वाऱ्या, मोर्ले यांच्याशी सुधारणांविषयी वाटाघाटी, १९०७ साली सुरतेस राष्ट्रीय सभेची झालेली दुफळी, टिळकांना झालेली शिक्षा आणि दोन्ही बाजूंनी होणारी टीका, यांतून त्यांना जावे लागले. सरकारला ते फार पुढे गेलेले वाटत आणि जहाल तरुणांना फार मागे राहिलेले. मधुमेहाने शरीर पोखरले होते. १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक वरिष्ठ कायदेकौन्सिलात आणले. मागणी फारच माफक होती. ज्या ठिकाणी स्थानिक संस्थांची तयारी असेल तेथे त्यांनी सक्ती करावी, एवढेच. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. सरकारी सभासदांनी विरोध करावा हे समजण्यासारखे होते. काही बिगरसरकारी हिंदी सभासदही विरोधात गेले, ही बोचणारी गोष्ट. गोखल्यांना पराभव अपेक्षित होता. सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा आपल्या देशात १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, म्हणजे त्या मतदानानंतर अठ्ठ्याण्णव वर्षांनी.

१९१२ च्या ऑक्टोबरात ते दक्षिण आफ्रिकेस गेले. या प्रवासाविषयी थोडे सविस्तर लिहिण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. जहाजाचे तिकीट काढतानाच वर्णावरून खोडा घालण्यात आला. तक्रार वरपर्यंत गेल्यावर कंपनीने नमते घेतले. सी.आय.ई. असो की वरिष्ठ कायदेकौन्सिलचा सभासद असो, कातडीचा रंग तेवढा तिकीटघरात दिसला! आफ्रिकेत उतरल्यावर मात्र तेथील सरकारने त्यांना पाहुणा मानले आणि रेल्वेचा खास डबा दिला. गावोगाव सभा झाल्या. गांधी सावलीसारखे बरोबर होते.

तेथील हिंदी लोकांत कोकणी मुसलमान पुष्कळ होते आणि थोडे मराठी हिंदूही होते. गोखल्यांनी आपल्याशी मराठीत बोलावे अशी त्यांची इच्छा होती. गांधींनी ती गोखल्यांच्या कानावर घातली आणि आपण हिंदुस्थानीत भाषांतर करू असे सांगितले. गांधींचे मराठीचे ज्ञान ते किती, याची गोखल्यांना गंमत वाटली. पण ते मराठीत बोलले आणि भाषांतरही पार पडले. त्यानंतर परतीच्या वाटेवर झांजीबारपर्यंत हिंदी लोकांच्या सभांत त्यांनी मराठीतच भाषणे केली. ज्यांच्या इंग्रजीची लंडनमध्ये वाखाणणी होई, त्यांनी समुद्रापार, कोकणातून गेलेल्या खलाशांच्या आणि व्यापाऱ्यांच्या पुढे कोकणातल्या माणसासारखे मराठीत बोलावे, हे चित्र आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. आपल्या मंडळाच्या सभागृहात गणेशोत्सवात परप्रांतात वाढलेली मुले अडखळत मराठी बोलतात तेव्हा आम्हांला त्या सभांची आठवण होते.

दुसरा प्रसंग जोहान्सबर्गचा. तेथील हिंदी लोकांनी गोखल्यांना मेजवानी दिली. गोखल्यांजवळ एक उपरणे होते. ते रानड्यांनी त्यांना भेट दिलेले होते. ते अत्यंत जपून ठेवलेले असे आणि विशेष प्रसंगीच बाहेर निघे. मेजवानीला जाताना पाहतात तो उपरणे चुरगळलेले. परिटाकडे देऊन परत येण्यास वेळ नव्हता. गांधींनी इस्त्री करून देण्याची तयारी दाखविली. गोखले कचरले. गांधींच्या वकिलीवर त्यांचा भरवसा होता, परिटाच्या कामावर नव्हता. आणि उपरण्याला डाग पडला तर गुरूची खूण गेली. गांधींनी हट्ट धरला, इस्त्री उत्तम झाली, आणि गुरूंचे प्रशस्तिपत्र मिळाल्याचा आनंद गांधींना पुढे आयुष्यभर पुरला. रानडे जाऊन तेव्हा जवळजवळ बारा वर्षे झाली होती. साम्राज्याचे पदक गोखले किती जपून ठेवीत, याविषयी कोणी काही लिहून ठेवलेले आमच्या वाचनात नाही. उपरण्याची गोष्ट मात्र गांधींनी आत्मचरित्रात घातली.

परत आल्यावर विश्रांती कोठली! हिंदुस्थानातील सरकारी नोकऱ्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनचे ते सभासद होते. वरिष्ठ जागांवर हिंदी माणसांना प्रवेश मिळावा यासाठी त्यांनी साक्षीदारांची कसून उलटतपासणी केली. कमिशनच्या कामासाठी त्यांना पुन्हा पुन्हा इंग्लंडला जावे लागे. आज केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत आम्ही ज्या खुर्च्यांवर बसतो त्यांच्यामागे अशा किती बैठकी आहेत, याची आठवण आमच्या पिढीतही क्वचितच कोणाला असते.

१९१४ साली त्यांना के.सी.आय.ई. देऊ करण्यात आले. नावामागे ‘सर’ लागले असते. फिरोजशहा मेहता दहा वर्षांपूर्वीच सर झाले होते, भांडारकर १९११ साली झाले होते, आणि त्यामुळे त्या दोघांची प्रतिष्ठा उणावली असे कोणी म्हणत नव्हते. गोखल्यांनी नम्रपणे नकार दिला. त्याचा गाजावाजा केला नाही. नकाराचे समारंभ पुढील काळात झाले. १९१९ साली जालियनवाला बागेनंतर रवींद्रनाथांनी सर ही पदवी टाकली, आणि १९२० साली गांधींनी आपले कैसर-ए-हिंद सुवर्णपदक, तसेच बोअर युद्ध आणि झुलू बंड यांत जखमींच्या सेवेबद्दल मिळालेली लष्करी पदके सरकारला परत केली. ते उघड निषेध होते. गोखल्यांचा नकार निषेध नव्हता. सरकारशी त्यांचे काम अजून चालू होते.

मग त्यांनी नकार का दिला? आम्हांला जे दिसते ते सांगतो. भारत सेवक समाजातील तरुण महिना ठराविक तुटपुंज्या रकमेवर राहत. त्यांचा प्रमुख ‘सर गोपाळराव’ होणे शोभले नसते. दुसरे म्हणजे, नोकऱ्यांच्या कमिशनचे काम पुरे झालेले नव्हते. ज्या निर्णयात सरकारला दुखवावे लागणार तो लिहिण्याआधी सरकारकडून मोठा मान घेतला, तर आपल्या शब्दाची किंमत लोकांच्या मनात कमी होणार, हे १८९७ ची जखम भोगलेल्या माणसाला चांगले ठाऊक होते. सी.आय.ई.ने त्यांना नावाने हाक मारण्याची रीत बदलत नव्हती. ‘सर’ने ती बदलली असती. आमच्यातील काही विद्वान मित्र म्हणतात की, दुसरा नाकारावयाचा तर पहिला परत का केला नाही? प्रश्न रास्त आहे. गोखल्यांनी कधी उडी मारली नाही, ते पायरी पायरीने चढत आणि पायरी पायरीनेच उतरत. त्यांच्या स्वभावाची ही मर्यादा होती असे कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाही.

मराठी माणसाने मात्र त्यांना तिसरेच बिरुद लावले. ‘नामदार’. तेही मूळचे सरकारी, कायदेकौन्सिलच्या सभासदाला मिळणारे. किती नामदार आले आणि गेले. पण नुसते ‘नामदार’ म्हटले की आजही एकच नाव समोर येते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले तेव्हा गोखले प्रकृतीसाठी फ्रान्समध्ये होते आणि तेथेच अडकले. गांधी त्यांना भेटण्यासाठी लंडनला येऊन थांबले. नोव्हेंबरात गोखले स्वदेशी परतले. जानेवारी १९१५ मध्ये गांधी आले तेव्हा गोखल्यांनी त्यांच्याकडून वचन घेतले की, एक वर्ष देश पाहावा, जाहीर मतप्रदर्शन करू नये. पुण्यात गांधींच्या स्वागताचा मेळावा भारत सेवक समाजाच्या आवारात होता. आजारी गोखले हट्टाने तेथे आले आणि त्यांना मूर्च्छा आली. शुद्धीवर आल्यावर मेळावा चालू ठेवावा असा त्यांनी निरोप पाठविला.

अखेरच्या दिवसांतही ते लिहीत होते. मुंबईचे गव्हर्नर विलिंग्डन यांनी युद्धानंतरच्या सुधारणांचा आराखडा मागितला होता. तो त्यांनी मृत्यूच्या काही दिवस आधी पुरा केला, आणि १९१७ साली आगाखान यांनी तो प्रसिद्ध केला. १९ फेब्रुवारी १९१५ च्या रात्री पुण्यात त्यांचे देहावसान झाले. वय एकोणपन्नासही पुरे नव्हते. मागे दोन मुली राहिल्या. गांधी तेव्हा शांतिनिकेतनात होते. तार पोहोचताच ते पुण्यास निघाले. कलकत्त्यातील त्यांच्या स्नेही सरला राय यांनी १९२० साली त्यांच्या नावाने मुलींची शाळा काढली. आमची कन्या त्याच शाळेत शिकली. आमच्या त्या सहकाऱ्याची नातही.

टिळक त्या वेळी सिंहगडावर होते. पंचवीस वर्षांचा मतभेद होता, कित्येकदा तो कडवट झालेला होता. बातमी कळताच ते गड उतरून पुण्यास आले, स्मशानभूमीत गेले, आणि चितेपाशी उभे राहून आपल्या प्रतिस्पर्ध्याविषयी गौरवाने बोलले.